आवडाबाईची माळ

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत आवडाबाईच्या पायावर न्हालं नाही असं पोर शोधून सापडलं नसतं. पुढं ती पोरं मोठी झाली, कुणी रिक्षा चालवू लागलं, कुणी बँकेत चिकटलं, एक तर वकील झालं. पण बाई रस्त्यात समोर आली की सगळ्यांची ऐट उतरायची. "तुला पालथा घालून पाणी ओतलंय मी, मला काय शिकवतो रं?" एवढं ती चारचौघांत म्हणायची आणि मिशा फुटलेला गडी लाजून चूर व्हायचा. तिच्याशी हुज्जत घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

तिचं काम बघण्यासारखं होतं. मोरीत पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत सारायची, पाय लांब करायची आणि नडग्यांच्या मधल्या खळगीत बाळ पालथं घालायची. एका हातानं हनुवटी धरलेली, दुसऱ्या हातानं तेल, मग डाळीचं पीठ, मग बाळाच्या आईला बघवणार नाही इतकं कढत पाणी. पाठीवरून तांब्या उतरताना एक थेंब नाकाकडे जात नसे. पोर आधी जीव तोडून रडायचं, मग नुसते हुंदके द्यायचं, आणि धुरी देऊन दुपट्यात गुंडाळेपर्यंत गाढ झोपून जायचं. ती मजुरी घेत नसे. बाराव्या दिवशी खण-नारळ तेवढा घ्यायची, आणि तो द्यायला कुणी विसरलं तर वर्षभर ऐकवायची.

ही आवडाबाई म्हणजे रामकिसनची थोरली बहीण. रामकिसन एसटीत कंडक्टर, औरंगाबाद-पैठण रस्त्यावर उभी हयात गेलेला माणूस. आई त्याला नीट आठवतही नव्हती. आठवत होती ती आक्काच. शाळेत सोडायला आक्का, तापात उशाशी आक्का, लग्नात आईच्या जागी उभी राहिलेली तीही आक्काच. तिचा नवरा छातीत कळ येऊन एका दिवसात गेला, पोरबाळ नव्हतं, तेव्हा रामकिसननं पैठणजवळच्या तिच्या सासरी जाऊन तिची पेटी उचलली आणि सरळ बसच्या टपावर टाकली. विचारणं वगैरे त्याला सुचलंच नाही.

इथं आल्यावर आक्काला झोप येईना. डोळा लागला की दचकून उठायची. एका डॉक्टरनं चिठ्ठीवर गोळी लिहून दिली आणि सांगितलं, पंधरा दिवस घ्या, मग दाखवायला या. ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले. चिठ्ठी घडीवर फाटून तिचे चार तुकडे झाले. मेडिकलवाला चिठ्ठी मागायचाच थांबला. ड्यूटीवरून येताना रामकिसन भाजीबरोबर गोळ्यांची पट्टीही घेऊन यायचा. आधी रात्रीची एक होती. मग दोन झाल्या. मग सकाळच्या चहानंतर एक, डोकं हलकं राहतं म्हणून, आणि कधी दुपारी. आक्काचा चष्मा म्हणावा तसं घरात सगळे 'आक्काची गोळी' म्हणत. त्याला दुसरं काही नाव असू शकतं हे पंचवीस वर्षांत कुणाच्या मनातही आलं नाही.

आलं ते एका रविवारी. रामकिसन सुट्टीवर होता, अंगणात खिळ्याला आरसा टांगून दाढी करत होता. शेजारच्या फकिरा रिक्षावाल्याला नातू झाला होता, आणि दोन्ही घरांचं अंगण आणि मोरी सामाईक असल्यानं आक्का त्याच्या पाठीमागंच लेकराला पायावर घेऊन बसली होती. आरशात त्याला ती दिसत होती. दिसता दिसता तिची मान पुढं गेली. हनुवटीखालचा हात सैल पडला, आणि दुसऱ्या हातातला तांब्या मात्र ओततच राहिला. लेकराचं तोंड नडग्यांमधल्या पाण्यात गेलं.

"आक्का!" रामकिसन ओरडला.

ती दचकली. पण हात मुरलेला होता; तिनं लेकरू उचलून उलटं केलं, पाठीवर थापटलं, त्याच्या नाकाला तोंड लावून पाणी ओढून थुंकलं. पोर काळंनिळं झालं होतं. मग त्यानं टाहो फोडला आणि रामकिसननं हातातला वस्तरा खाली ठेवला. फकिराची बायको आतून धावत आली, काय झालं म्हणाली. आक्का म्हणाली, थोडं नाकात पाणी गेलं, दुसरं काय. फकिराची बायको हसली, लेकराला आवडाबाईच्या हाती सोपवून पुन्हा भाकरीकडे गेली. तिला वाटलं तेच साऱ्या गल्लीला वाटलं असतं. आक्कानं फक्त एकदा रामकिसनकडे बघितलं आणि नजर खाली घातली. धाकट्या भावासमोर नजर खाली घालण्याची वेळ तिच्यावर त्याआधी कधी आली नव्हती, आणि रामकिसनला त्या पाण्यापेक्षा त्या नजरेचीच जास्त भीती वाटली.

एरवी त्यानं ते गिळलंही असतं. नको ते गिळून गप्प बसण्यात हा माणूस पटाईत होता. पण जालन्याला दिलेली त्याची लेक कालिंदी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी पोटुशी होती, सातवा सरत आला होता, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती आठवड्या-दोन आठवड्यांत यायची होती. येणाऱ्या बाळाला पायावर कोण घेणार हे कुणी बोलायची गरज नव्हती. आक्कानं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, वाटाण्याएवढ्या टाक्यांची. चष्मा लावून, दुपारी डुलक्या घेत घेत शिवलेली.

त्यानं बायकोला सांगितलं. लक्ष्मीबाई कमी बोलायची आणि बोलली की काम उरकून टाकायची.

"दोन्हीतलं एक करा," ती म्हणाली. "येक तर आक्कांना सांगा की लेकराला हात लावू नका. स्टेशनकडची दगडाबाई हाय, चांगली बाई हाय, तिला लावू. नाय तर त्या गोळ्यांचं बघा."

"आक्का घरात असताना दगडाबाई? तिला काय वाटंल?"

"वाईट वाटंल. मंग?"

"तू सांगशील?"

"तुमची बहीण हाय. मी सांगितलं तर भावजय बोलली म्हणतील. पण कोणी सांगो, माझ्या नातवाच्या नाकात पाणी जाऊ द्यायची नाय मी."

झालं. आता गोष्ट एवढीच होती, की रामकिसननं आक्काला एक वाक्य बोलायचं. बसमध्ये हा माणूस साठ जणांसमोर फुकट्या पुढाऱ्याला खाली उतरवायचा. घरात आक्कासमोर बसला की ताटातली भाकरी संपायची, पाणी पिऊन व्हायचं, हात धुऊन व्हायचे, आणि वाक्य राहूनच जायचं.

मग त्याला वाटलं, डॉक्टरला विचारावं. विचार चांगला होता. त्याला सुचलेल्या विचारांत तोच एक चांगला होता. चौकापलीकडच्या दवाखान्यात तो जाऊन बाकड्यावर बसलाही. शेजारी डेपोतल्या मेकॅनिकची बायको होती, समोर गल्लीतले दोघं. आत सोडण्याआधी कंपाउंडर प्रत्येकाला विचारत होता, आणि तेही खणखणीत आवाजात, "काय तकलीफ?" कुणी पोट म्हणत होतं, कुणी गुडघे. रामकिसन मनात शब्द जुळवू लागला. माझ्या बहिणीला गोळ्यांची सवय लागली. नाही. माझी बहीण गोळ्या खाते. छे. जे पोर बाकड्यावर आईच्या मांडीवर रडत होतं त्यालासुद्धा आक्कानंच न्हाऊ घातलं होतं. या लोकांसमोर आवडाबाई नशेबाज आहे असं म्हणायचं? कंपाउंडर त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय तकलीफ?"

"खोकला," रामकिसन म्हणाला.

आणि छाती तपासून, खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन तो घरी आला. लक्ष्मीबाईनं बाटली बघितली, त्याच्याकडे बघितलं आणि फडताळात ठेवून दिली. पुढं कितीतरी दिवस ती बाटली तिथं तशीच होती, आणि फडताळ उघडलं की रामकिसन तोंड फिरवायचा. आत जाऊन डॉक्टरांचं एक वाक्य ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. त्या बाकड्यावर जाऊन तो मनातल्या मनात किती वेळा बसला असेल, त्याचा हिशेब नाही.

आता माळेचं सांगायला हवं. तरुणपणी रामकिसन प्यायचा. थोडीथोडकी नाही, गाडी पैठणला मुक्कामी असली की सकाळी ड्रायव्हर त्याला हलवून उठवायचा. एकदा निलंबित झाला, दुसऱ्यांदा नोकरीच जायची पाळी आली. तेव्हा आक्का सासरहून निघाली आणि त्याला मनगटाला धरून पैठणला नदीकाठच्या मठात घेऊन गेली. बुवांनी पोथीवर ठेवलेली तुळशीची माळ त्याच्या गळ्यात घातली. माळ गळ्यात आली की दारू बंद, मटण बंद. आणि शपथ मोडणाऱ्याला आपल्या लोकांत उभं राहायला जागा नसते. तीन-चार दिवस हातपाय कापले, उलट्या झाल्या. आक्का उशाशी बसून होती. नंतर जी सुटली ती सुटलीच, थेंबाला शिवला नाही. उलट लोक त्याला 'माळकरी' म्हणून मान देऊ लागले. मठातून घरी येणाऱ्या माणसाला काय तकलीफ म्हणून कुणी विचारत नाही, पाया पडतात.

तेव्हा रामकिसनला जे सुचलं ते त्याच्या दृष्टीनं सगळ्यांत सोयीचं होतं. डॉक्टर नको, दगडाबाई नको, ते वाक्यही नको. आक्कानं आपल्याला जसं वाचवलं तसं आपण आक्काला वाचवू. दारू काय नि गोळी काय, सवय ती सवय. त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं.

सुट्टीच्या दिवशी तो आक्काला घेऊन पैठणच्या गाडीत बसला. नेहमी उभ्यानं केलेला प्रवास त्या दिवशी बसून करताना त्याला चुकल्यासारखं होत होतं. बिडकीन मागं पडलं तरी तोंड उघडेना. शेवटी आक्काच म्हणाली, "बोल की रं. कवापासून काय चघळतोय?"

"आक्का, त्या गोळ्या सोड."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी काय दारू पिते का?"

"नाय. पण त्या दिवशी..."

"ठाऊक हाय मला त्या दिवशीचं. कालिंदीच्या लेकराला मी हात लावू नये, असं म्हनतो का तू?"

हाच तो प्रश्न. सरळ विचारलेला, सरळ उत्तर मागणारा. व्हय म्हटलं असतं तरी चाललं असतं. रामकिसन म्हणाला, "तसं कोन म्हनतंय? बुवांकडून माळ घाल. गोळ्या सुटतील. मंग घाल की आंघोळ. तूच घालायची, दुसरं कोन हाय?"

आक्कानं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "घालते."

इतक्या पटकन कबूल होईल असं त्याला वाटलं नव्हतं. मठात बुवा थकलेले होते, पण त्यांनी ओळखलं. विडी-तंबाखू सोडायला लोक येतात तसंच हे, असं त्यांना वाटलं. त्यांना कुणी अधिक सांगितलंही नाही. आक्कानं पोथीवर हात ठेवला आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाली, आजपासून ती गोळी माझ्या जिभेला लागणार नाही. मग घाटाच्या पायरीवर येऊन तिनं कमरेची पिशवी उलटी केली. तीन पट्ट्या निघाल्या. एक तिनं पाण्यात टाकली, बाकीच्या रामकिसननं टाकल्या. परतीच्या गाडीत ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती आणि त्याला फार बरं वाटत होतं.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी झोपेचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी हात असे कापू लागले की चहाची बशी धरवेना. अंगाला घाम, लुगडं भिजून चिंब. भिंतीवर मुंग्यांची रांग चाललीय म्हणून ती फडकं घेऊन भिंत पुसत बसली. भिंतीवर काही नव्हतं. रामकिसननं रजा टाकली आणि तिच्याजवळ बसून राहिला. बसायचं कसं हे त्याला आक्कानंच शिकवलं होतं.

"अर्धी गोळी द्या त्यांना," लक्ष्मीबाई म्हणाली. "हे काय नीट दिसत नाय मला."

"माळ घातलीय तिनं. चार दिवस कळ काढली की मोकळी व्हईल. मला ठाऊक हाय."

आक्कानं सगळं ऐकलं होतं. तिनं गोळी मागितली नाही, एकदाही नाही. एवढंच म्हणाली, "रामा, जीभ जड झालीय. डोक्यात सारखे झटके बसल्यासारखं व्हतंय. तुला बी असंच झालं व्हतं का रं?"

त्याला असं काही झालं नव्हतं. हात कापले होते, उलट्या झाल्या होत्या. मुंग्या दिसल्या नव्हत्या आणि डोक्यात झटके बसले नव्हते. पण बहिणीला धीर द्यायचा होता.

"व्हय," तो म्हणाला, "अगदी असंच."

आक्कानं मान हलवली. त्याच्यावर तिचा पुरा विश्वास होता. त्याला झालं आणि तो तरला, म्हणजे आपणही तरू, असं ती धरून चालली आणि दात आवळून पडून राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी ती उठून तोंड धुवायला मोरीकडे गेली. रामकिसननं आवाज ऐकला तो तांब्या पडल्याचा. जाऊन बघतो तर आक्का दगडावर आडवी, डोळे पांढरे, सगळं अंग ताठ होऊन गदागदा हलत होतं आणि तोंडातून फेस येत होता. कपाळ फुटलं होतं. फकिरानं रिक्षा काढली. घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, पोचेपर्यंत तिला दुसरा झटका आला. रामकिसननं तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं आणि तो माणूस रिक्षात मोठमोठ्यानं रडत होता.

वॉर्डातली डॉक्टरीण कालिंदीच्या वयाची असेल. तिनं इंजेक्शन देऊन झटके थांबवले, कपाळाला टाके घातले आणि मग विचारलं, "काही गोळ्या चालू होत्या का?"

"व्हत्या," रामकिसन म्हणाला. "सोडल्या. पंचवीस वर्षं घेत व्हती, येकदम सोडल्या."

"कोणी सांगितलं एकदम सोडायला?"

रामकिसननं आक्काच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं.

"काका, या गोळ्या पंचवीस वर्षं खाल्ल्यावर एका दिवसात बंद करायच्या नसतात. असेच झटके येतात, जीव जातो माणसाचा. आधी गोळी परत सुरू करायची, मग थोडी थोडी कमी करत काही महिन्यांत सोडवायची. सुटते, नीट सुटते. आधी विचारलं का नाही कुणाला?" ती रागावून बोलत नव्हती. तिच्या मागं आणखी पेशंट होते, एवढंच.

संध्याकाळी आक्का शुद्धीवर आली. नर्सनं गोळी पुढं केली तशी तिनं ती ओळखली आणि तोंड मिटलं. डॉक्टरणीनं समजावलं, लक्ष्मीबाईनं हात जोडले. आक्का बोटानं गळ्यातली माळ दाखवायची आणि ओठ आवळून घ्यायची. डॉक्टरीण रामकिसनला बाजूला घेऊन म्हणाली, नाही घेतली तर पुन्हा झटका येईल, आणि या वयात मी खात्री देऊ शकत नाही. तुमचं ऐकतील त्या.

ऐकणारच होती. तीच तर अडचण होती. रामकिसन खाटेजवळ गेला.

"आक्का, घे."

तिनं मान हलवली. "शपथ घेतलीय. तूच नेलंस."

"मीच नेलं. माझं चुकलं. मला काय बी कळत नव्हतं, आक्का. मला ते मुंग्या-बिंग्या काय बी झालं नव्हतं. मी खोटं बोललो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्यानं सोसला असता. राग नव्हता. लहानपणी तो शाळेतून पाटी फोडून यायचा तेव्हा बघायची तशी ती बघत होती, नुकसान किती झालंय ते. मग तिनं दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली, कपाळाच्या पट्टीला अडकली ती हळूच सोडवली आणि त्याच्या हातात दिली.

"नदीत सोड," म्हणाली, आणि तोंड उघडलं. गोळी त्यानंच तिच्या जिभेवर ठेवली.

त्यानंतर सगळं डॉक्टरीण म्हणाली तसंच झालं. रामकिसन दर पंधरा दिवसांनी घाटीत जायचा, चारचौघांत उभा राहून आक्काच्या गोळीबद्दल मोठ्यानं विचारायचा, आणि कुणाला काही वाटायचं नाही. ब्लेडनं गोळीचे तुकडे करून तो रोज तिच्या हातावर ठेवायचा. एकाची पाऊण, पाऊणची अर्धी. भाद्रपदात कालिंदी बाळंत झाली, मुलगा झाला. आक्का आजारी म्हणून पहिले दिवस दगडाबाई येत होती. दिवाळी झाली तोवर आक्काची गोळी नखाएवढ्या तुकड्यावर आली. हात थांबले, डोळ्यांतली गुंगी गेली, दुपारच्या डुलक्या गेल्या. डॉक्टरणीनं तिला दोन्ही हात पुढं धरायला लावले आणि म्हणाली, आजी, छान. रामकिसननं विचारलं, लेकराला आंघोळ घातली तर? ती म्हणाली, कुणीतरी शेजारी बसा आणि घालू द्या की.

तो जवळजवळ पळतच घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः बंब पेटवला, पाट मांडला, दगडाबाईला आज राहू द्या म्हणून सांगितलं. ती बिचारी ओट्यावर बसून राहिली. कालिंदी लेकरू घेऊन आत आली. "आत्या, घे. तुझी वाट बघत थांबलाय हा."

आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं लेकराची बोटं धरली, तळपाय गालाला लावला, आणि परत दिलं.

"दगडाबाईलाच दे, बाय."

"आगं आक्का, डॉक्टर म्हनाली, आता काय बी धोका नाय," रामकिसन म्हणाला. "हात बघ तुझे."

"हात बरे हायेत," आक्का म्हणाली. "पोथीवर हात ठेवून बोलले ते मी मोडलं. मोडलेल्या शपथंचा हात मी लोकांच्या लेकराला लावला नसता. आपल्या कसा लावू?"

"मी मोडायला लावली!"

"पण मोडली मी."

कालिंदी डोळे पुसत बाहेर गेली. रामकिसन तिथंच उभा राहिला. आक्का त्याला बस म्हणाली. तो बसला.

"गाडीत मी तुला इचारलं व्हतं, रामा. लेकराला हात लावू नको म्हनतो का. तू नुस्तं व्हय म्हनायचं. मला ठाऊकच व्हतं की. फकिराच्या नातवापासून मी रोज वाट बघत व्हते, आज बोलंल, उद्या बोलंल. दोन दिवस रडले असते. मंग तूच म्हनला असता, चल आक्का, दवाखान्यात जाऊ, आन् आले असते मी. तू लई जपायला गेलास."

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. चुकलो म्हणून झालं होतं. ते घाटीतच म्हणून झालं होतं आणि त्यानं काही परत आलं नव्हतं. त्यानं तिचा हात हातात घेतला. तो खरंच अजिबात हलत नव्हता.

बाहेर दगडाबाईनं पाणी ओतायला घेतलं आणि लेकरू रडू लागलं. आक्का कान देऊन ऐकत होती. एकदा उठल्यासारखी झाली आणि परत टेकली.

"पानी लई कढत हाय," ती म्हणाली. "जा, सांग तिला. थोडं गार घाल म्हनावं."

"तूच सांग ना आक्का. इथूनच सांग."

"नको," आक्का म्हणाली. "जा तू. लेकरू भाजंल."

रामकिसन उठला, मोरीपाशी गेला आणि पाण्यात गार घाला म्हणाला. दगडाबाईनं कोपर बुडवून बघितलं, जीभ चावली आणि दोन तांबे गार पाणी ओतलं. जरा वेळानं रडणं थांबलं. लक्ष्मीबाई पदर सावरून तिथं बसली होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं, पण तुम्हाला कसं कळलं असं विचारलं नाही.